टपावरचे कॅरियर

टॅक्सीत बसणाऱ्याला टॅक्सीचा टप कधी दिसत नाही. त्याला मीटर दिसतो, चालकाच्या खांद्यावरचा टॉवेल दिसतो, आरशाला अडकवलेली झेंडूची सुकी माळ दिसते. परंतु आपल्याच डोक्यावर, दोन वितींच्या अंतरावर, आपलीच ट्रंक आणि आपलीच वळकटी ज्या लोखंडी सांगाड्यावर बसून चालली आहे, त्याची आठवण कोणाला होत नाही. आठवण होते ती उतरताना, दोरी सोडायच्या वेळी. आणि तीही भाड्याबरोबर सामानाचे वेगळे पैसे द्यावे लागतात म्हणून. या सांगाड्याला आपण कॅरियर म्हणतो. सायकलच्या मागे असते तेही कॅरियर, आणि चार पुडांचा डबा तोही टिफीन कॅरियर. ओझे वाहणाऱ्या वस्तूंना वेगवेगळी नावे देण्याइतके आपण त्यांच्याकडे निरखून पाहिलेले नाही, असा त्याचा अर्थ असावा.

ठाणे, डोंबिवली, कल्याण ही गावे रेल्वेने वसवली असे सारेच सांगतात. १८५३ साली पहिली गाडी ठाण्यापर्यंत आली आणि पुढच्याच वर्षी लोहमार्ग कल्याणला पोहोचला, हे माझ्या वर्गातली मुलेसुद्धा एका दमात म्हणून दाखवतात. ते खरेच आहे. पण लोकलच्या डब्यात कपाट चढत नाही. लोखंडी कॉट चढत नाही. माणसे रेल्वेने आली असतील, संसार मात्र रस्त्याने आले. आधी गिरगाव-दादरकडची पांढरपेशी कुटुंबे आली. मग १९८२ च्या जानेवारीत मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि बरेचसे बाहेरच राहिले. लालबाग-परळच्या खोल्या विकून माणसे रुळांच्या कडेकडेने सरकत पार अंबरनाथ-बदलापूरपर्यंत पसरली. ज्यांचे सामान टेंपोभर होते त्यांनी टेंपो केला. ज्यांचे तेवढे नव्हते आणि ज्यांच्या नात्यात एखादा टॅक्सीवाला होता, त्यांचे घर टॅक्सीच्या टपावरून आले.

आमच्या नात्यात मामा होते. तेव्हा मी चार वर्षांचा असेन. त्या प्रवासातले मला एकच आठवते : टपावरून सुटलेले सुंभाचे टोक खिडकीच्या काचेवर सारखे टकटक करीत होते, आणि आई मधूनमधून हात बाहेर काढून वर काहीतरी चाचपत होती. वर शिवणाचे यंत्र होते, हे पुढे कळले.

मामांची गाडी प्रीमियर पद्मिनी. मुंबईकर तिला शेवटपर्यंत 'फियाट'च म्हणत राहिले, आणि त्यात चूक काही नव्हते, कारण मूळ गाडी इटलीच्या फियाट कंपनीची. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार होई. सत्तरच्या दशकात तिला पद्मिनी हे नाव मिळाले आणि २००० सालाच्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. याच कंपनीचा दुसरा कारखाना आमच्या दाराशी, कल्याण-शीळ रस्त्यावर होता. नव्वदच्या दशकात तिथे फ्रेंच बनावटीची प्युजो तयार होत असे. तोही बंद पडला, जमिनीवर मोठमोठे मजले उभे राहिले. तरी जुनी माणसे रिक्षावाल्याला अजून 'प्रीमियरच्या तिथे' असेच सांगतात. मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर वयोमर्यादेमुळे निवृत्त झाली, तेव्हा वर्तमानपत्रांनी तिचे फोटो छापले, लोक तिच्याशेजारी उभे राहून हसले. मामांची गाडी त्याआधी दहा वर्षे मोडीत गेली होती. तिचा फोटो कोणी काढला नाही.

पद्मिनीच्या टपाच्या दोन्ही कडांना पावसाचे पाणी वाहून जाण्यासाठी बारीक पन्हळ असे. कॅरियरचे पाय या पन्हळीत बसवायचे आणि बोल्ट आवळायचा. टपाला भोक पाडावे लागत नसे. शिवाय सगळ्या पद्मिनींची पन्हळ एकाच मापाची. त्यामुळे मामांनी तीन गाड्या बदलल्या, कॅरियर मात्र पहिल्या गाडीचेच तिसरीवर आले. बाहेरची चौकट नळीची, आत लोखंडी पट्ट्या, पुढे वीतभर उंच कठडा. तिसरी गाडी कुर्ल्याला मोडणाऱ्याच्या दारात उभी केली तेव्हा मामांनी पान्याने बोल्ट सोडवले, कॅरियर उतरवले आणि लोकलच्या मालडब्यात, कोळणींच्या रिकाम्या पाट्यांशेजारी उभे करून ते घरी आणले. मामी म्हणाल्या, "गाडी गेली आणि हे घेऊन आलात?" मामांनी ते गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे टेकवून ठेवले.

आमच्याकडची हवा लोखंडाला मानवत नाही. एका अंगाला खाडी, वर चार महिने पाऊस, आणि डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या रासायनिक कारखान्यांचा प्रसाद वेगळाच. याच गावात २०१४ च्या जानेवारीत पाऊस हिरवा पडला आणि २०२० च्या फेब्रुवारीत रस्ता गुलाबी झाला. दोन्ही बातम्या साऱ्या देशाने वाचल्या. जिथे माणसाच्या घशाला खवखव सुटते तिथे लोखंडाची काय कथा! दहा-अकरा पावसाळ्यांत त्या कॅरियरवर गंजाचे असे पापुद्रे चढले की दुरून ते झाडाच्या सालीने मढवल्यासारखे दिसे.

गेल्या वर्षी मामेभावाने शाळेच्या मुलांची ने-आण करण्यासाठी जुनी व्हॅन घेतली. बारा मुले आणि बारा दप्तरे. मुले कशीबशी मावत, दप्तरे मावत नसत. नवे कॅरियर बसवायचे तर चार-पाच हजारांचा खर्च, आणि गाडीचा हप्ता तर दर महिन्याला दारात उभा. तेव्हा त्याला गच्चीवरचे कॅरियर आठवले. त्याचा बेत असा की स्प्रेचा एक डबा आणायचा, काळा रंग मारायचा, पाय थोडे वाकवून घ्यायचे आणि दिवाळीनंतर शाळा उघडली की वापरायला काढायचे.

मामांनी ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "गंजावर रंग मारणार?"

"दिसणार आहे का तो, अप्पा? टपावर कोण बघतंय?"

"टपावर कुणी बघत नाही, म्हणूनच तिथं नीट काम करावं लागतं," मामा म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "मास्तर, तुम्हाला सुट्टी आहे ना? या उद्या सकाळी. येताना जुने कपडे घाला."

मामांचे वय पंचाहत्तर. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया एकाच डोळ्याची झालेली. सकाळी सातला मी गेलो तेव्हा त्यांनी गच्चीवर चार विटा मांडून त्यांवर कॅरियर आडवे ठेवले होते. शेजारी तारेचे दोन ब्रश, खरवडायची पट्टी, हातोडी, निरनिराळ्या नंबरांचे पॉलिश पेपर, थिनरची बाटली, आणि मामींच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या. आधी धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने सगळे धुऊन घेतले. "तेलकट असलं की कागद नुसता घसरतो," असे ते म्हणाले. मग खरवडणे.

रंगकामात रंग लावणे हा सर्वांत सोपा भाग. त्याला हौशी माणसे पुष्कळ मिळतात. दौऱ्यावर कोणी बडे येणार असले की आपल्याकडे रस्त्याकडेच्या कठड्यांना एका रात्रीत रंग लागतो, आणि पुढच्या पावसात त्या रंगाला फोड येऊन तो कपच्या कपच्यांनी गळतो. याचे कारण गूढ नाही. गंज म्हणजे नुसता लोखंडावरचा मळ नव्हे. ते लोखंडच असते, पाणी आणि हवेतला प्राणवायू पोटात घेऊन फुगलेले. मूळ धातूच्या कितीतरी पट जागा ते व्यापते. ते भुसभुशीत असते, स्पंजासारखे ओल धरून ठेवते. त्यावर रंग चढवला की ती ओल आत कोंडली जाते आणि अंधारात आपले काम चालू ठेवते. वर्गात मी तीन परीक्षानळ्यांत खिळे ठेवून हे दाखवतो : एकीत कोरडी हवा, दुसरीत उकळून हवा घालवलेले पाणी आणि वर तेलाचा थर, तिसरीत साधे पाणी. तिसरीतलाच खिळा गंजतो. मुले ते वहीत उतरवून घेतात आणि दोन गुण मिळवतात. हातात तारेचा ब्रश घेऊन दोन तास घालवल्यावर त्या तिसऱ्या नळीविषयी माझे मत अधिक गंभीर झाले आहे.

पापुद्रे सुटू लागले आणि कठड्याच्या आडोशाला, जिथे पाणी साचले नव्हते तिथे, जुना रंग शाबूत निघाला. त्याचेही थर होते. वर्षाला एकदा गाडी पासिंगला न्यावी लागे आणि त्याआधी मामा कॅरियरला हात मारीत. काळ्याखाली काळा, त्याखाली चंदेरी, पुन्हा काळा, एका ठिकाणी कोण जाणे कसा हिरवा. मी कागदाने ते सगळे साफ करायला निघालो तेव्हा मामांनी हात धरला. "घट्ट बसलेला रंग काढू नका. त्यानं काय गुन्हा केलाय? कडा तेवढ्या कागदानं उतरत्या करा, म्हणजे नवा रंग त्यावर नीट बसेल." आणि मग प्रत्येक थराचे कुळ सांगू लागले. चंदेरी लावला त्या वर्षी मामेभाऊ झाला. हिरवा रंग गिरगावातल्या एका दुकानदाराच्या बाकड्याचा उरलेला. त्याची आई टॅक्सीतून नायर इस्पितळात नेली होती, त्याचे पैसे मामांनी घेतले नव्हते, म्हणून त्याने अर्धा डबा दिला. एका पट्टीला मधोमध बाक होता. तो कोणाच्या तरी लोखंडी तिजोरीचा, नालासोपाऱ्याला पोहोचवली. "अन् हे तुमचं," असे म्हणून त्यांनी कोपऱ्यातल्या एका खरचटलेल्या जागेवर बोट ठेवले. "ताईचं मशीन. पाय बांधायचा राहिला होता, मुलुंडपर्यंत घासत आला."

मला कादंबऱ्या लिहून जे साधत नाही ते या माणसाने एका पट्टीवर बोट फिरवून केले, असे त्या क्षणी मनात आले. पण ते बोलून दाखवण्यासारखे नव्हते, आणि हातातला कागदही झिजला होता.

खोल खड्ड्यांतला गंज मात्र ब्रशाला दाद देईना. बाजारात त्यासाठी फॉस्फरिक आम्लाची द्रावणे मिळतात. मामींनी दुसरेच सुचवले : हिरडा. चार हिरडे फोडून त्यांचा काढा केला आणि तो चिंधीने खड्ड्यांत लावला. तांबूस गंज पाहता पाहता निळसर काळा झाला. यातही जादू नाही. हिरड्यात टॅनिन असते, ते लोखंडाशी संयोग पावून काळा, पाण्यात सहज न विरघळणारा थर तयार करते. पूर्वी घरोघर शाई करीत तीही हिरडा आणि हिराकस यांचीच. माझ्या पंजोबांच्या वह्यांमधली अक्षरे आणि त्या कॅरियरवरचे डाग एकाच जातीचे होते तर! मामींना हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "ते मला ठाऊक नाही बाई, पण विळीला डाग पडायचा तो आठवतो."

दुपारपर्यंत पट्ट्या झाल्या. राहिली बाहेरची नळीची चौकट आणि पाय. ते वरून बरे दिसत होते. रंग बराचसा टिकून होता. मामेभाऊ वर आला, पाहून खूश झाला. "झालंच की, अप्पा." मामांनी उत्तर दिले नाही. त्यांनी हातोडी उलटी धरली आणि दांड्याकडच्या बाजूने नळीवर हळूहळू ठोकत निघाले. बाजारात मडके घेताना बायका ठोकून बघतात, तसे. पुढच्या बाजूला आवाज खणखणीत होता. मागे सरकत गेले तसतसा तो बसका होत गेला. मागच्या डाव्या पायाशी आल्यावर नुसते भद्द झाले. मामांनी पेचकस घेतला आणि त्या चांगल्या दिसणाऱ्या रंगावर टोक दाबले. ते आत गेले. भोकातून तपकिरी भुकटी ओघळली.

नळी आतून गंजली होती. टोके ठोकून चपटी केली होती, बंद केली नव्हती. पावसाचे पाणी आत शिरत होते आणि बाहेर यायला वाट नव्हती. नळीच्या आतून कोण रंग लावणार? मागचे दोन्ही पाय आणि जवळजवळ अर्धी चौकट तशीच निघाली.

"एका पायाला वेल्डिंग मारून घेऊ," मामेभाऊ म्हणाला. "नुसती दप्तरंच तर ठेवायचीत."

"बारा दप्तरं म्हणजे छत्तीस किलो झाले. गाडीनं ब्रेक मारला की ते पुढं येणार. मागं बसलेलं कुणाचं पोर असेल, मागून स्कूटरवाला असेल." मामा थांबले. "माझंच आहे म्हणून सांगतो. हे वजनाला नाही राहिलं."

हे वाक्य बोलायला त्यांना बराच वेळ लागला. मामेभाऊही गप्प राहिला. त्या शांततेत नव्या कॅरियरचे चार-पाच हजार आणि महिन्याचा हप्ता दोन्ही होते, आणि मामांची पस्तीस वर्षेही होती. तिघांनाही ते कळत होते, म्हणून कोणीच काही बोलले नाही. मग मामाच म्हणाले, "पत्रीपूल पाडला तेव्हा लोक किती बोंबलले. शंभर वर्षं टिकला, अजून टिकला असता म्हणत होते. मीही हजारदा त्याच्यावरून गाडी घातली होती. पण पूल काय, कॅरियर काय, खालून कुणीतरी जात असतं."

कल्याणचा हा जुना लोखंडी पत्रीपूल इंग्रजांच्या अमदानीतला. धोकादायक ठरल्यावर २०१८ च्या नोव्हेंबरात तो काढला, आणि नवा पूल खुला व्हायला २०२१ चा जानेवारी उजाडला. मधल्या दोन वर्षांत कल्याण-शीळ रस्त्यावर वाहतुकीच्या कोंडीत अडकलेल्या माणसांनी काय काय शब्द वापरले ते इथे लिहिता येणार नाही. मामा मात्र तेव्हाही 'बरं झालं' म्हणत होते, हे मला आठवले.

दुसऱ्या दिवशी कॅरियर रिक्षात घालून आम्ही वेल्डरकडे नेले. त्यानेही ठोकून पाहिले आणि मान हलवली. "इथं पत्राच उरलेला नाही. टाका कुठं मारू? आर्क लावला की भोक पडणार." मामांनी खडूचा तुकडा मागून घेतला आणि चौकटीवर एक आडवी रेघ ओढली. रेघेच्या पुढची बाजू : कठडा, चार पट्ट्या, पुढचे दोन पाय. "एवढं चांगलं आहे. इथं काप. मागं नवी नळी टाक, दोन पाय नवे कर, टोकं वेल्डिंगनं बंद कर. खाली एक बारीक भोक ठेव, पाणी शिरलंच तर निघून जाऊ दे." वेल्डरने आठशे रुपये सांगितले, सातशेला केले. बाक असलेली पट्टी कापलेल्या भागात गेली. आमच्या मशीनची खरचटही गेली. तो तुकडा वेल्डरने भंगाराच्या ढिगावर टाकला; मामांनी तिकडे पाहिले नाही. ते नव्या नळीचे तोंड नीट बंद झाले की नाही ते अंगठ्याने चाचपत होते.

घरी आल्यावर वेळ दवडून चालत नव्हते. आपल्या दमट हवेत उघडे पडलेले लोखंड रात्रीतून पुन्हा लालसर होते. थिनरने पुसून लगेच रेड ऑक्साईडचा हात मारला. रेड ऑक्साईड म्हणजे लोहाचा लाल ऑक्साईड, रासायनिक नात्याने गंजाचाच सख्खा चुलतभाऊ. फरक एवढाच की तो फुगून बसलेला, ओल धरणारा नाही. स्थिर आहे, बारीक दळलेला आहे आणि तेलाच्या बंधनात आहे. ज्याने लोखंड खाल्ले त्याच्याच कुळातल्या कोणाला राखणीवर बसवायचे, असा हा मामला. खाली अंगणात मामींची सून रांगोळीसाठी गेरू भिजवत होती. तोही तोच. वर गच्चीवर कॅरियर लाल, खाली उंबऱ्यापुढची चौकोनी जागा लाल. दोन्हीकडे हाताला एकसारखे डाग.

रेड ऑक्साईड एक दिवस वाळू दिला. मग बारीक कागद, मग काळ्या ऑइलपेंटचे दोन पातळ हात, मध्ये रात्रभराचे अंतर. ऑक्टोबरच्या उन्हात रंग लावू नये, वरची साय धरते आणि खाली ओला राहतो. म्हणून सकाळी साडेसातच्या आत आणि संध्याकाळी चारनंतर. पट्ट्यांच्या खालच्या बाजूला मामांनी स्वतः हात मारला, पाठीवर आडवे पडून. मी करतो म्हटले तर म्हणाले, "तुम्ही वरून लावा. तुम्हाला दिसतं ते."

बसवण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी मला पांढऱ्या रंगाची डबी आणि बारीक ब्रश दिला. पुढच्या कठड्याच्या पट्टीवर मला लिहायचे होते : '२५ किलो'.

"मोठं काढा, मास्तर. चष्म्याशिवाय वाचता आलं पाहिजे."

मामेभाऊ शेजारी उभा राहून हिशेब करीत होता. "तीन किलोचं एक. आठ झाली. अप्पा, चार दप्तरं उरतात."

"मांडीवर घेतील," मामा म्हणाले, आणि डबीचे झाकण बसवून त्यावर हातोडी ठोकू लागले.